अडलेलं

त्या सोमवारी अण्णांनी उपमा केला होता आणि त्यात मीठ घालायचं विसरले होते. मी खात राहिले. त्यांनी स्वतः पहिला घास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “वैजू, लोकांच्या कादंबऱ्यांवर चार-चार पानं लिहितेस. उपम्यावर दोन शब्द सुचले नाहीत?”

मी मिठाची बरणी त्यांच्यापुढे सरकवली.

तो सोळा नोव्हेंबर होता. एक डिसेंबरपासून बार्शीतल्या आमच्या वाचनालयाचा कादंबरीचा महिना सुरू होणार होता. तीस दिवस, रोज किमान सोळाशे शब्द, आणि शेवटच्या दिवशी एक कच्चा खर्डा. बरा-वाईट कुणी बघत नाही, पुरा झाला म्हणजे झालं. अण्णांनी आदल्या वर्षी तो पुरा केला होता. यंदा मला न विचारता माझंही नाव घालून आले. मी पुण्यातल्या एका प्रकाशनासाठी हस्तलिखितं वाचते आणि छापावीत की नाही याचे अभिप्राय लिहिते. काम कुठूनही होतं, म्हणून दिवाळीला आले ती बार्शीतच राहिले होते. “किती दिवस दुसऱ्याच्या ताटातलं चाखून बघणार,” अण्णा म्हणाले होते, “एकदा स्वतः रांधायला बस की.”

अण्णा म्हणजे बळवंत गपाट. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. बार्शीच्या स्थानकावर एकतीस वर्षं माइकवरून गाड्या पुकारल्या. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, तरी चाळिशीपुढची माणसं भाजी घेताना मागून त्यांचा आवाज ऐकून वळून बघायची. आई सहा वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून ते एकटे राहत आणि घराला स्थानकाची शिस्त लागली. कपबशा कुठे, रक्तदाबाच्या गोळ्या कुठे, सगळ्यांच्या जागा ठरलेल्या. वस्तू बघून घ्यायची नाही, जागा बघून घ्यायची.

आमच्या गळपट्ट्यांनाही त्यांनी अशीच जागा दिली होती.

गळपट्टीचं शास्त्र साधं आहे. आपण काही बोलायला निघतो तेव्हा मेंदू स्वरयंत्राच्या, जिभेच्या, जबड्याच्या स्नायूंना आज्ञा पाठवतो. बोलणं ऐन वेळी गिळलं तरी आज्ञा पोचलेली असते. स्नायू हलत नाहीत, पण त्यांत विजेची एक बारीक लहर उठते. हनुवटीखाली चिकटवलेली बोटभर पट्टी ती लहर टिपते आणि तिचे शब्द करते. प्रत्येक गळ्याची लहर वेगळी, म्हणून पट्टीला आधी शिकवावं लागतं. सहाशे चाळीस वाक्यं एकदा मोठ्यानं वाचायची, एकदा ओठ मिटून. मग ती त्या गळ्यापुरती होते, दुसऱ्याचं तिला कळत नाही. पट्टी मन वाचते असं लोकांना आधी वाटलं होतं. ती मन वाचत नाही. मनातलं गळ्यापर्यंत आलं तरच तिला कळतं.

लिहायचं असेल तेव्हा पट्टीवर दोनदा बोट टेकवायचं, मग येईल ते मजकुरात जातं. बोट न टेकवता जे गळ्यापर्यंत येतं आणि परत जातं, ते वेगळ्या रकान्यात साठतं. बनवणाऱ्यांनी त्या रकान्याला काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं, लोक त्याला ‘अडलेलं’ म्हणतात. ते रोज संध्याकाळी पुसून टाकायचं असतं. पहिल्या दोन वर्षांत या रकान्यानं बरीच घरं मोडली. मग अडलेलं हे पुरावा म्हणून धरायचं नाही असा निकाल लागला आणि लोक पुसायला शिकले. दुसरा परिणाम सावकाश झाला. कचेऱ्या शांत झाल्या, बँका शांत झाल्या, चहाच्या टपऱ्यासुद्धा. डोळे आणि ओठ मिटून बसलेला माणूस काम करत असतो, त्याला हाक मारायची नाही, ही रीत आपोआप पडली.

वाचनालयाच्या नियमाप्रमाणे एक डिसेंबरच्या आधी खर्ड्याचा एक शब्दही लिहायचा नाही. आधीचे तीन आठवडे फक्त तयारी. प्रकरणांचा आराखडा, पात्रांची नावं, टिपणं, सगळं कागदावर. पट्टी मात्र गळ्याला सवय व्हावी म्हणून दिवसभर नुसती लावून ठेवायची. एरवी ती ओलसर स्पंजावर ठेवावी लागते. अण्णांनी त्यासाठी दोन खणांची स्टीलची डबी काढली होती. “डावीकडे फलाट एक, माझा. उजवीकडे फलाट दोन, तुझा. गाड्या अदलाबदल करायच्या नाहीत.”

त्या सोमवारी सकाळी मी डबी धुतली, स्पंज पिळून परत बसवले आणि पट्ट्या ठेवून दिल्या. माझी मान दोन दिवस खाजत होती, म्हणून मी माझी पट्टी त्या दिवशी लावलीच नाही. अण्णांनी फलाट एकवरची उचलली आणि लावली.

मग आम्ही जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसलो. मी पात्रांची कार्डं करत होते. ते शाळेच्या वहीत आराखडा करत होते, फूटपट्टीनं ओढलेले रकाने, आत प्रकरणांचे आकडे, अगदी गाड्यांच्या वेळापत्रकासारखे. दिवसभरात ते बऱ्याचदा मान वर करायचे. चहा ठेवू का. पंखा कमी करू का. तुझ्या त्या डॉक्टरणीचं नाव काय ठेवलंस. मी प्रत्येकाला उत्तर दिलं. डॉक्टरणीचं नाव मी अजून ठेवलं नव्हतं.

खरं म्हणजे टेबलावर आणखी एक गोष्ट होती, फक्त ती तिथे ठेवलेली नव्हती. गुढीपाडव्याला अण्णांनी मला त्यांच्या पहिल्या कादंबरीची प्रत दिली होती. दोनशे बारा पानं, तारेची बांधणी, वर स्वतःच्या अक्षरात नाव: ‘सुटण्याची वेळ’. “सवडीनं वाच,” एवढंच म्हणाले. मी पुण्याला परत गेले आणि लगेचच्या रविवारी ती एका बैठकीत वाचून काढली. मग सवयीनं अभिप्रायाचा छापील कागद घेतला. चांगल्या बाजू, कच्च्या बाजू, आणि तळाशी तीन चौकटी: स्वीकारावी, नाकारावी, लेखकाशी बोलावं. मी तो भरला, कादंबरीत खुणेसारखा घातला आणि पिशवी बंद केली. त्यानंतर फोनवर विषय निघाला की मी म्हणायचे, हातातलं काम संपलं की वाचते. जूनमध्ये म्हटलं, गणपतीत म्हटलं. दिवाळीत त्यांनी विचारलंच नाही.

मी एव्हाना तीनशेच्या वर हस्तलिखितांवर लिहिलं आहे. नाकारताना माझा हात थांबत नाही. मी स्वतःला असं सांगितलं होतं, की कादंबरी जमलेली नाही आणि त्र्याहत्तराव्या वर्षी बापाला ते कशाला ऐकवायचं.

मंगळवारी ते नेहमीप्रमाणे साडेनऊला स्थानकावर गेले. रोज जात. फलाट तीनसमोरच्या बाकावर उन्हात बसत, वर्तमानपत्र वाचत, जेवायला परत येत. त्या दिवशी मी दोघांची ताटं घेतली आणि झाकून ठेवली. पाऊणच्या सुमाराला फोन आला.

डॉक्टर म्हणाले, साधारण सव्वाअकराला असावं. झोपेत जातो तसंच, त्रास झाला नसेल. सव्वाअकरा ते साडेबारा ते त्या बाकावर डोळे आणि ओठ मिटून ताठ बसले होते आणि समोरून गाड्या लागत होत्या, सुटत होत्या. ऊन सरकून तोंडावर आलं तरी ते हलले नाहीत, तेव्हा एका वाहकानं खांद्याला हात लावला. फलाटाजवळच्या रसवंतीवाल्या बाई मला भेटायला आल्या होत्या. त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, “आम्ही तर तिथं कुणाला गलकासुद्धा करू दिला नाही ओ. म्हटलं, साहेब कादंबरी लिहायलेत.”

मी त्यांना पाणी दिलं. त्यांच्याजागी मी असते तर मीही तेच केलं असतं, असं मी त्यांना सांगितलं. ते खरं होतं.

दवाखान्यानं एक प्लॅस्टिकची पिशवी दिली. घड्याळ, चष्मा, किल्ली, पट्टी. मी ती माझ्या पर्समध्ये टाकली आणि परत उघडली नाही.

पुढचे तेरा दिवस मला नीट आठवतात, पण दुसऱ्याचं हस्तलिखित वाचल्यासारखे. कोण आलं, कोण कुठे बसलं, कोणत्या वाक्यापाशी कोण रडलं. मी रडले नाही. मी सकाळची माणसं गेली की टेबलाशी बसायचे आणि तयारी करायचे. बत्तीस पात्रं, चोवीस प्रकरणं. प्रत्येक कार्डाचे कोपरे कात्रीनं गोल केले. तेराव्याला स्वयंपाकघरात पुष्पाआत्या, अण्णांची बहीण, कुणाला तरी सांगत होत्या, “बाप गेलाय आणि ही बघ, कागद कातरत बसलीय. शिकलेल्यांचं असंच असतं बाई.” बाहेर येऊन त्यांनीच माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला दोन घास जास्त वाढले.

डॉक्टरणीला एव्हाना नाव मिळालं होतं. तिला बोलायला मात्र काही सुचत नव्हतं. बत्तीसांपैकी कुणालाच नाही. कार्डावर वय, गाव, धंदा, सगळं होतं, आणि संवादाची जागा कोरी होती.

तीस नोव्हेंबरला तयारीचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी सहाच्या आत सगळ्यांच्या पट्ट्या वाचनालयात तपासून घ्यायच्या होत्या. मी नाव काढून घ्यायला म्हणून गेले आणि जाताना डबीच्या उजव्या खणातली पट्टी का बरोबर घेतली ते मला सांगता येणार नाही.

ग्रंथपाल नसीम तांबोळी, आम्ही त्यांना नसीमताई म्हणतो. कॉलेजला वैरागहून रोज एसटीनं येणाऱ्या, म्हणजे अण्णांच्या आवाजावर तीन वर्षं पळालेल्या. त्यांच्या हॉलमध्ये दहा-बारा माणसं लांब टेबलांशी डोळे मिटून बसली होती. मी नाव काढा म्हटलं. त्या म्हणाल्या, “काढते. आधी पट्टी तपासू, मग काढू. तुझ्या वडलांनी मला दोन वर्षं छळलंय, मी एका दिवसात सोडत नाही.”

मी पट्टी लावली. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, चष्मा वर केला, परत पाहिलं.

“गळा ओळखत नाही म्हणतंय. वैजयंती, ही तुझी नाही. ही अण्णांची आहे.”

मी म्हटलं, शक्य नाही. अण्णांची दवाखान्यानं परत दिली, ती माझ्या पर्समध्ये आहे.

“आण ती.”

पिशवीची गाठ सुटेना, मग त्यांनी कात्रीनं कापली. घड्याळ चालू होतं. त्यांनी ती पट्टी पुसून मला लावली आणि यंत्रावर माझं नाव आलं.

डबी कुणी धुतली होती, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना त्या डबीबद्दल माहीतच नव्हतं. मला माहीत होतं. मी पट्ट्या ठेवताना बघितल्या नव्हत्या, आणि अण्णांनी उचलताना बघितल्या नव्हत्या, कारण फलाट एकवर दुसरी गाडी लागू शकते हे त्यांच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. सोमवारी आणि मंगळवारी ते माझी पट्टी लावून होते.

“अडलेल्यात काहीतरी आहे,” नसीमताई हळू म्हणाल्या. “बारा नोंदी. शब्द लागलेले नाहीत, पट्टी तुझ्या गळ्याची आहे ना. पण बाराही एकसारख्या आहेत.” त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. बारा कोऱ्या चौकटी, प्रत्येकीपुढे वेळ. सोमवारच्या अकरा आणि मंगळवारची एक.

नियमाप्रमाणे खर्डा उघडायचा तर हा रकाना रिकामा लागतो, त्या म्हणाल्या, नाहीतर जुनं अडलेलं नव्या मजकुरात घुसतं. बटण दाबलं की पुसलं जाईल. किंवा अण्णांनी शिकवलेली सहाशे चाळीस वाक्यं त्यांच्या खात्यात अजून आहेत, त्यांच्याशी या लहरी ताडून शब्द लावता येतील. “खातं तुझं आहे, तेव्हा कायद्यानं नोंदी तुझ्या. पण एकदा बघितलं की न बघितल्यासारखं होत नाही. माझ्या नवऱ्याचं मी कधीच बघितलं नाही, आणि चाललंय बरं.”

मी म्हटलं, लावा.

अर्धा मिनिट लागलं. कोऱ्या चौकटी वरून खाली एकेक भरत गेल्या.

वाचलीस का?
वाचलीस का?
वाचलीस का?

नसीमताईंना वाटलं यंत्र अडकलं. त्यांनी पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा तेच आलं, बाराही वेळा. दोन दिवसांत अण्णांच्या गळ्याशी दुसरं काहीच अडलेलं नव्हतं. ते बोलून टाकणारे गृहस्थ होते.

मी वेळा बघत होते. आठ वाजून वीस, उपमा. दहा वाजून पाच, चहा ठेवू का. अकरा चाळीस, पंखा कमी करू का. दुपारी चार, तुझ्या डॉक्टरणीचं नाव काय ठेवलंस. प्रत्येक वेळी तो प्रश्न गळ्यापर्यंत आला होता आणि त्याच्याऐवजी दुसरा बाहेर पडला होता. मी दुसऱ्याला उत्तर देत होते. माझ्या गळ्याशी त्या दिवशी काय आलं, याची नोंद कुठेही नाही.

बारावी नोंद मंगळवारची होती, अकरा वाजून सात मिनिटांची. तेव्हा त्यांच्याशेजारी कुणी नव्हतं.

“पुसू?” नसीमताईंनी विचारलं.

मी म्हटलं, माझी मी पुसते. सहाच्या आत येते. त्या म्हणाल्या, “पाच मिनिटं उशीर झाला तरी मी कुलूप लावायची नाही. अण्णांनी माझ्यासाठी एकदा वैरागची गाडी थांबवली होती.”

मी स्थानकावर गेले तेव्हा चार वाजले असतील. फलाट तीनसमोरच्या बाकावर एका टोकाला हिरव्या साडीतल्या एक बाई पट्टी लावून, डोळे मिटून बसल्या होत्या. दुसऱ्या टोकाला मी बसले. गाड्या आता यंत्र पुकारतं. आवाज स्वच्छ आहे, त्याला धाप लागत नाही. मधल्या वेळात सगळीकडे शांत असतं. शंभरेक माणसं आणि कुणी बोलत नाही.

वाटेत घरी जाऊन कादंबरी घेतली होती, ती मी काढली. दिवाळीपासून ती माझ्या पिशवीत होती, कपड्यांच्या खाली. खुणेचा कागद अकराव्या प्रकरणात होता. ते प्रकरण मी पुन्हा वाचलं. धरणात गेलेल्या गावची एक म्हातारी रोज दुपारी स्थानकावर येऊन वांगदरीची गाडी कधी, म्हणून विचारते. वांगदरी पाण्याखाली गेलं, गाडी बंद होऊन नऊ वर्षं झाली. नियंत्रक तिला रोज तेच सांगतो. एका दुपारी तो काही सांगत नाही. तो माइक ओढतो आणि पुकारतो: वांगदरीला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे. गाडी अर्थातच येत नाही. म्हातारी उठून उभी राहते, पदर सारखा करते. प्रकरण तिथे संपतं.

मोबाइलवर बारा ओळी होत्या आणि खाली एक प्रश्न: पुसायचं? हो. नाही.

पट्टी वाचनालयातून तशीच माझ्या गळ्याला होती. मी तिला हात लावला नाही. ओठ मिटूनही म्हणता आलं असतं, तेवढ्यानंही रकान्यात नोंद झाली असती. तेरावी. मी अंगठा पडद्यावरून बाजूला घेतला. तेरा दिवस मी फक्त हो, नाही आणि चहा घ्या एवढंच बोलले होते, त्यामुळे पहिला शब्द घोगरा निघाला आणि मला तो परत म्हणावा लागला.

“अण्णा. अण्णा, मी वाचली.”

हिरव्या साडीतल्या बाईंनी डोळे उघडले. पलीकडच्या बाकावरचे दोघे वळले. मी समोर रिकाम्या फलाटाकडे बघत होते.

“पाडव्यानंतरच्या रविवारीच वाचली. वेळ मिळाला नाही म्हणत होते, ते खोटं होतं. कादंबरी लांबलीय. पहिली पाच प्रकरणं काढली तरी चालतील. सगळीच माणसं चांगली आहेत, इतकी चांगली माणसं एका स्थानकावर नसतात. तुम्हाला कुणावर चिडता येत नाही, अण्णा, आणि कादंबरीत कुणीतरी चिडावं लागतं.”

बाईंनी हलकेच स्वतःची पट्टी काढून हातात घेतली. ऐकण्यासाठी ती काढावी लागत नाही.

“अकराव्याला मात्र हात लावायचा नाही. एक स्वल्पविरामसुद्धा नाही. ती उठून पदर सारखा करते, तिथं मी वाचायची थांबले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. मला तसं लिहिता येत नाही. मी इतकं वाचलंय, मला कळतं, मला ते कधीच येणार नाही. म्हणून बोलले नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही, मला वाटलं म्हणून.”

यंत्रानं कुठली तरी गाडी पुकारली. ती संपेपर्यंत मी थांबले.

“कागदाच्या तळाशी तीन चौकटी असतात. मी तिसरीत खूण केली होती, अण्णा. लेखकाशी बोलावं.”